आठवड्याचा तिसरा पाहुणा

'आपली वेबरिंग आजपासून बंद करत आहे.' नूरजहाँनं पत्राची शेवटची ओळ टाईप केली आणि खुर्चीत मागं रेलली. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

भोरच्या बाजारपेठेत तिचा कंप्युटर क्लास. चार वर्षांपूर्वी, नव्याण्णव साली, तिनंच ही रिंग जुळवली होती. चौघांच्या चार वेबसाइट. तिची रानभाज्यांची, वेल्ह्याच्या कुंडलिक गुरुजींची गडवाटांची, किकवीच्या प्रेरणाची पाखरांची, कामथडीच्या मुजफ्फरभाईंची जुन्या विहिरींची. प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे' असं बटण. दाबलं की शेजाऱ्याच्या दारात. एकाकडं आलेला पाहुणा चौघांकडं चहा पिऊन जाईल, अशी आशा. पाहुण्यांनी ही वाट धरलीच नाही.

किती जण आले, हा आकडा ज्याचा त्यालाच दिसायचा. म्हणून दर मंगळवारी नूरजहाँ गुपचूप फेरी मारायची. तिघांनाही वाटावं, कुणीतरी येऊन गेलं. लबाडीच ती. पण तिच्या स्वतःच्या पानावर मात्र आठवड्याला तीन पाहुणे नेमानं यायचे. कोण असतील? लांब कुठं परमुलखात कुरडूच्या भाजीला आसुसलेलं भोरचं माणूस? त्या तिघांसाठी तिनं चार वर्षं डोळे फोडून घेतले, घरच्यांची थट्टा सोसली. गेल्या आठवड्यात दोनच आले. तिघांतलाही एक गळाला. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"हितं कंप्युटर हाय न्हवं, ताई?"

दारात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, चपलांवर धूळ.

"मी ठकुबाई. वेल्ह्याहून आले. नसरापूरला गाडी बदलली, तिथनं उभ्यानं आले." तिनं कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. "आमच्या मालकांचा पाय मोडलाय. गेल्या मंगळवारी येणं झालं न्हाई, तर जीव खाल्ला माझा. म्हणत्यात, स्टँडाजवळच्या दुकानात जा, पर नूरजहाँबाईच्या दुकानात पाऊल टाकू नगं. स्टँडाजवळचं तर बंद. मग विचारत विचारत तुमच्याकडं आले."

नूरजहाँच्या नावाची पाटी दारावरच होती. ठकुबाईला वाचता येत नव्हतं.

नूरजहाँनं चिठ्ठी उलगडली. अक्षर गुरुजींचं. त्यांच्याच वेबसाइटचा पत्ता, आणि खाली तीनदा 'पुढे'.

"हे कशासाठी हो?"

"त्या बाईनं लई मन लावून कायतरी मांडलंय म्हणं, आन कुणी काळं कुत्रं फिरकत न्हाई. म्हून ह्ये, ती किकवीची पोरगी आन कामथडीचं मुजफ्फरभाई, तिघंबी आठवड्याला एकेक चक्कर मारत्यात. बाईनं हाय खाऊ नये म्हून. तिला कळता कामा न्हाई बरं का. घालून द्या येवढी चक्कर."

नूरजहाँनं तिला खुर्चीवर बसवलं. तिचा खरबरीत हात माउसवर ठेवला, त्यावर आपला. पुढे. पुढे. पुढे. रानभाज्यांचं पान उघडलं.

"झालं?"

"झालं. पोचलात."

ठकुबाई चिठ्ठीची घडी घालेस्तोवर नूरजहाँनं पत्र पुसून टाकलं.

"लई उपकार झालं. नाव काय म्हणायचं तुमचं?"

"फिजा," नूरजहाँ म्हणाली. "आणि मालकांना सांगा, पाय बरा होईपर्यंत त्यांची चक्कर मी घालीन. त्या बाईला काही कळणार नाही."