बेवारस नोंदींचा सर्व्हर

"ताई, आजपन काम नाय झाला का?" गोपीनाथने विचारलं.

सुमेधाने मान हलवली. जिल्ह्यात सापडलेल्या बेवारस मृतदेहांच्या नोंदी वर्तकनगरच्या या सरकारी संगणक केंद्रातल्या सर्व्हरवर होत्या. त्या तारीख, उंची, खुणा अशा क्रमाने लावायला घेतल्या की मशीन दिवसभर घरघरायचं आणि मध्येच बंद पडायचं.

गोपीनाथचा थोरला भाऊ दामाजी दिवाळीपासून बेपत्ता होता. गोपीनाथ ठाकुर्लीहून पुन्हा पुन्हा चौकशीला यायचा.

"वहिनीनं जेवण सोडलंय. एकदाचा काय तो कळू दे." मग तो हळूच म्हणाला, "खाडीत सापडलेलेपन यात असतात ना?"

"असतात."

"चेहरा ओळखू येत नसला तरी?"

"डाव्या हाताचं बोट तुटलेलं आहे ना त्यांचं? कळेल."

तो गेल्यावर सुमेधा हट्टाला पेटली. सर्व्हरला चार प्रोसेसर होते, पण क्रम लावायचं काम एकटाच करत होता. तिने ते चौघांत वाटलं. वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. चौघेही अर्धवट लावलेला भाग एकाच डिस्कवर लिहायला धावत होते.

"एका माणसासाठी एवढी खटपट?" साहेब म्हणाले.

"घरचे वाट बघतायत, सर."

तिने प्रत्येकाला वेगळी डिस्क दिली, मेमरी वाढवून दिली. पुढच्या खेपेला गोपीनाथ आला तेव्हा तिने त्याच्यासमोरच मशीन चालवलं. चहा निवायच्या आत क्रम लागला.

तो तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तिने दिवाळीपासूनच्या सगळ्या नोंदी पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या.

"नाहीत," ती म्हणाली. "अख्ख्या जिल्ह्यात कुठेच नाहीत."

"नक्की?"

"एकही नोंद सुटलेली नाही. वहिनींना सांगा, आशा सोडू नका."

गोपीनाथ मटकन स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो थरथरत राहिला. मग उठून त्याने तिला वाकून नमस्कार केला. सुमेधाचेही डोळे भरून आले.

खाली रस्त्यावर टेलिफोन बूथ होता. गोपीनाथने आत शिरून काचेचं दार ओढून घेतलं आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"काळुराम, दामाजी कुठंच वर आयला नाय. उद्या वहिनीलापन त्याच जागेवर घेऊन ये."