मोकळा पंख

मोनालीच्या मनगटावरचा पट्टा सकाळपासून हिरवाच होता. कंपनीने दिलेलं सेन्सरवालं सॅनिटरी पॅड तसूभरही हललं नव्हतं, आणि पॅड सरकून पट्टा लाल झाल्याशिवाय बाथरूमची सुट्टी मिळत नसे. सहा तास उभ्याने खोके भरून तिच्या पोटऱ्या ठणकत होत्या.

शेजारच्या वत्सलाताईंचा पट्टा मात्र आज दुसऱ्यांदा लाल झाला.

"ताई, तुमचंच कसं हो सरकतं?"

"तू पाकिटावरच्या चित्रात दाखवलंय तसं लावलंस ना? दोन्ही पंख दुमडून?"

"हो."

"शिकलेल्या पोरींचं हेच होतं. अगं, एक पंख मोकळा सोडायचा."

"आणि डाग पडला तर?"

"पडतो की. धुवायचा." ताई हात पुसत म्हणाल्या. "आमच्या आईला कावळा शिवला की चार दिवस कोपऱ्यात बसवायचे. रडायची बिचारी. पण बसायची तरी."

दुसऱ्या दिवशी दहालाच मोनालीचा पट्टा लाल झाला. बाथरूममधल्या नळाच्या कट्ट्यावर वत्सलाताई आधीच डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच त्यांनी अंग चोरून तिला जागा करून दिली.