उजवीकडे कललेलं गाणं

स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर शलाकाने घरी हेडफोन लावून बनवलेलं गाणं सुरू झालं आणि तिचा चेहराच पडला. ढोल, बेस, टाळ्या, सगळं उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेलं! डावा स्पीकर मौनव्रतात.

“काय गं, डावीकडच्यांनी नाचायचं नाही का?” मिक्सिंग करणाऱ्या बोंद्रेकाकांनी विचारलं.

शलाकाने आपला हेडफोन पुढे केला. त्याची उजवी बाजू कधीच मंदावली होती आणि ही वेडी तीन महिने उजवीकडचेच आवाज वाढवत बसली होती. उद्या याच गाण्यावर वर्गातल्या बारा जणी गॅदरिंगला नाचणार होत्या. “राहू द्या काका. बाईंना सांगते, कुठलंही तयार गाणं लावा.”

“इतक्यात हार मानलीस?” काकांनी एकेक आवाज मधोमध आणला. गाणं बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या मुलासारखं शहाणं झालं.

शलाकाला राहवेना. “अहो, टाळ्या मधे नकोत! सहा जणी इकडे, सहा तिकडे. त्या एकमेकींना टाळ्यांनी चिडवतात!”

काकांनी टाळ्या दोन्हीकडे वाटल्या. खोली केवढी मोठी झाली!

“बस इथं,” काका मिक्सरपुढच्या खुर्चीतून उठले, “मी चहा सांगून येतो.”