शेवटचा अभिप्राय

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर नलिनीकाकूंनी पिंडाशेजारी स्वतःच्या हातची भरली वांगी ठेवली. कावळा लांबच बसून राहिला.

नवरा खाण्यावर ब्लॉग लिहायचा. तोंडदेखलं कौतुक कधीच नाही, म्हणून अर्धी सांगली तो वाचून जेवायला जायची. घरच्या जेवणावर मात्र उभ्या संसारात एक शब्द नाही.

"दादा, पोरीचं शिक्षण मी बघतो," दीर हात जोडून म्हणाले. कावळा हलला नाही.

शेवटी ब्लॉगच्या एका वाचकाने, त्यात वाखाणलेल्या खानावळीतून तीच भाजी धावत जाऊन आणली. पान ठेवताच कावळा झेपावला.

"माणूस शेवटपर्यंत खरा," वाचक गहिवरला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नलिनीकाकूंनी आपली वांगी उचलली.

"आज चारचौघांत तरी खोटं बोलायचं होतंत," त्या कावळ्याला म्हणाल्या.