आक्का म्हणेल तिथं

पुढची जागा पुन्हा आक्कालाच मिळाली.

कीर्ती मागं, आईशेजारी, आणि दोघींच्या मधे फराळाच्या पिशव्या. कऱ्हाडला, साताऱ्याला, जिथं जिथं गाडी थांबली तिथं आप्पांनी स्वतः उतरून आक्कासाठी पुढचं दार उघडलं. वाईत कीर्तीनं जागा बदलून मागितली.

"तू ल्हान हाईस," आप्पा म्हणाले. "तुला लय वेळ हाय."

आप्पा, म्हणजे पायगोंडा पाटील, एरवी असा माणूस नव्हे. गेल्या वर्षी जत्रेत त्यांनी एका आइस्क्रीमला दोन चमचे मागितले होते. आता मात्र आक्कानं, म्हणजे चंदनानं, नुसतं बघावं, की वस्तू पिशवीत. शालीकडं बघितलं, शाल आली. दरीकडं बघितलं तर दरी काही पिशवीत येत नव्हती, म्हणून आप्पांनी गाडीच थांबवली आणि तिचं बघून होईस्तोवर स्टिअरिंगवर हात ठेवून गप बसून राहिले.

"आनि काय पायजे, चंदना?"

"काय नको, आप्पा."

हे 'काय नको' कीर्तीला सगळ्यात जास्त झोंबायचं. पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाला लगाम हातात घेऊन उभा होता. आक्का म्हणाली, "नको, मुक्या जनावराला कशाला दमवायचं?" झालं. कीर्तीचा एक पाय रिकिबीत होता, तो खाली आला.

शाल, टोपी, नव्या चपला, सगळं आक्का संध्याकाळपर्यंत कीर्तीलाच देऊन टाकत होती. कीर्ती ते घालतही होती. पण आधी आक्काला मिळालेलं आणि मग आपल्याकडं आलेलं, हे तिच्या हिशेबात जमेला धरलं जात नव्हतं.

गावाकडंही हेच चाललं होतं. रोज कुणीतरी आक्काला जेवायला बोलवायचं, साडी नेसवायचं, ओटी भरायचं. पत्रिकेवर आक्काचा रंगीत फोटो. कीर्तीचं नाव एकदम तळाला, तेही दोन चुलतभावांच्या मधे दाबून बसवलेलं.

स्ट्रॉबेरीच्या शेतावर साळूबाई म्हणून एक म्हातारी वाफ्यात राखण करत होती. हंगाम संपत आलेला, फळं बारकी. आईनं त्यातलं बरं फळ निवडलं, पदरानं पुसलं आणि आक्काच्या तोंडात घातलं. बावीस वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या आक्काच्या. कीर्तीनं तोंड उघडून बघितलं. तिच्या हातावर द्रोण ठेवला गेला.

साळूबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. "थोरलीचं ठरलंया जनू?"

"व्हय," आई म्हणाली. "अक्षय तृतीयेला कार्य हाय."

"चांगला म्हूर्त हाय. मानसं कुठली?"

आईनं हातातलं देठ वाफ्यात टाकलं. "ती मानसं एका जागी ऱ्हात न्हाईत. आज हितं, उद्या तितं."

"मिल्ट्रीतली म्हना की," साळूबाई खुलली. तिच्या गावात घरटी एक फौजी. "माजा लालासाहेब बी तसलाच. लेक भेटंल का म्हून लय काळीज कुरतडून घिऊ नगा, बाई. सुट्टी घावती त्यास्नी."

आईनं पदर तोंडाशी नेला. आप्पा लांब जाऊन फोनवर बोलायला लागले. फोन आलेला नव्हता. आक्का तेवढी साळूबाईकडं बघून छान हसली. कीर्ती द्रोण संपवत राहिली.

सहल दोनच दिवसांची ठरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कीर्ती आप्पांच्या मागं होती, अजून राहूया म्हणून. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. शेवटी तिनं आक्कालाच गाठलं.

"तू म्हन की. तुजं ऐकतेत."

"तुला लय ऱ्हावंसं वाटतंय?"

"जल्मभर."

आक्का उठली आणि आप्पांपुढं जाऊन उभी राहिली. "आप्पा, अजून ऱ्हाऊया का?"

आप्पांचं तोंड असं उजळलं, की ऊस चांगल्या भावानं गेला तरी एवढं उजळत नसे. "ऱ्हाऊया की. पायजे तेवढं ऱ्हाऊया." त्यांनी तिथूनच गावाकडं पुतण्याला फोन लावला. "अरिहंत, मांडववाल्याला थांब म्हन. न्हाई, न्हाई, काय ठरलं न्हाई. नुसतं थांब म्हन."

आई न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आतच बसली.

कीर्ती सकाळपासून घसा सुकवत होती. आक्काचं एक वाक्य, आणि मांडव थांबला. सुट्टी वाढली त्याचा आनंद कीर्तीला अर्धाच झाला.

दोन दिवस असे गेले. सूर्य मावळायच्या आत जेवणं, मग चौघांनी फिरायला जाणं. आई आक्काचा हात धरून चालायची. तो कीर्तीनं दोनदा सोडवून बघितला. तिसऱ्यांदा आईनं तिच्याकडं असं बघितलं की ती मागं सरली.

मग एका सकाळी आक्काच म्हणाली, "आता निघूया, आप्पा."

"अजून चार दिवस ऱ्हायलं तरी काय बिघडत न्हाई."

"बिघडतंय. लोकं खोळंबल्यात."

आप्पांनी एकेक करून पिशव्या गाडीत ठेवल्या. म्हणजे ऱ्हायचं आक्कानं ठरवायचं, आणि जायचं तेही आक्कानंच.

पसरणीच्या घाटात गाडी हळूहळू उतरत होती. खाली वाईची घरं दिसायला लागली तसे आप्पा म्हणाले, "चंदना, अजून काय ऱ्हायलं असंल तर सांग बाळ. गाडी फिरवतो."

"काय ऱ्हायलं न्हाई, आप्पा."

"माजं ऱ्हायलंय," मागून कीर्ती म्हणाली.

"तुला आनि काय पायजे?"

कीर्तीनं दोन सीटांच्या मधून डोकं पुढं घातलं. "फुडच्या उन्हाळ्यात मीबी आक्कासारखी दीक्षा घेते. घर सोडते, केस उपटताना रडतबी न्हाई. पर त्याच्या आदी मला असंच पाचगणीला आनायचं. आनि तवा आक्काला संगं घ्यायचं न्हाई."