टँकरातला आवाज

वळणावर हायड्रोजन गॅसचा टँकर आडवा झाला आणि आतून रंगनाथ ओरडू लागला, "लांब व्हा! आग दिसत नाही, पण लागलीय!"

डिझेल समजून कॅन घेऊन धावलेली माणसं उलटी पळाली. भोंग्याला कुणी भीक घालत नाही, मेलेल्याचं मात्र ऐकतात. म्हणून कंपनीनं जळून मेलेल्या या रंगनाथ ड्रायव्हरचा आवाज प्रत्येक टँकरातल्या, माणूस ओळखून बोलणाऱ्या यंत्रात भरला होता. जिवंतपणी तो 'व्हॉल्व्ह गळतोय' म्हणून बोंबलत होता, तेव्हा याच कंपनीचे कान बंद होते.

"अंजिरावहिनी, पळा!" दीर ओरडला.

रंगनाथची बायको जागची हलली नाही. टँकराच्या कॅमेऱ्यानं तिचा चेहरा ओळखला.

"अंजिरे, घरी जा गं."

तीन वर्षांनी नवऱ्यानं हाक मारली होती. हातातला कॅन खाली ठेवून अंजिरा टँकराकडं चालू लागली.