काळ्या रंगाची नळी

पॅरिसमधल्या आमच्या घरात काळ्या रंगाला बंदी होती. “सावली निळी असते, नीट बघा,” बाबा चित्रकार मित्रांनाही बजावायचे. आजीचा शोकाचा काळा झगाही त्यांनी निळाच रंगवला. त्यामुळे त्यांनी पाठवल्यावर मी काळ्या रंगाची नळी मागताच रंगांचा दुकानदार हसला: “तुझा बाप आणि काळा? कुणी गेलं की काय?” मी धावतच घरी आले. बाबा आरशात बघून स्वतःचं चित्र काढत होते. टोपी, दाढी, कोट सगळं उजळलेलं. चेहऱ्याच्या मधोमध मात्र कोरी जागा. तिथं त्यांनी काळा भरला. “बाबा, नाक, डोळे कुठे गेले?” “जे दिसतं तेच रंगवायचं, पोरी. दुसरं येतं काय मला?” खिडकीच्या उजेडात उभी राहून मी विचारलं, “आणि मी कशी दिसते?” बाबा बराच वेळ बघत राहिले. “रिबीन छान बांधलीस.”